देशोदेशींचीं मुलें आणि आपल्या गांवची वही

नाशिक शहरांत द्वारका नांवाचा मोठा चौक आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता व पुण्याकडून येणारा रस्ता ह्यांची गांठ तेथें पडते. थंडी ओसरूं लागली म्हणजे निफाड-पिंपळगांवकडील द्राक्षांच्या गाड्या ह्याच वाटेनें मुंबईच्या बंदराकडे जातात. त्यांतील पुष्कळ द्राक्षें समुद्रापलीकडे हॉलंडांत, ज्यास आतां नेदरलँड्स म्हणतात, उतरतात व तेथून युरोपांत इतरत्र जातात. परदेशीं जाणाऱ्या ह्या द्राक्षाची बडदास्त वाचकांपैकीं जे मळ्यांत कामास गेले असतील त्यांनीं पाहिलीच आहे. मण्याची जाडी मिलिमीटरांत मोजतात. फवारलेल्या औषधाचा अंश राहिला आहे कीं काय तें प्रयोगशाळेंत तपासतात. आणि प्रत्येक बागेची नोंदणी झालेली असल्यामुळें तिकडे पेटी उघडल्यावर घड कोणत्या बागेंतला हें कागदांवरून काढतां येतें.

त्याच हंगामांत त्याच चौकांतून माणसेंहि जातात. भात व नागली घरांत आली कीं पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर ह्या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें पोटासाठीं खालीं उतरतात; कोणी द्राक्षमळ्यांत जातात, कोणी शहरांतील बांधकामावर. भांड्यांचें गांठोडें डोक्यावर आणि मूल कडेवर. त्या मुलाचें वजन गेल्या महिन्यांत किती होतें, कोणती लस टोंचून झाली, मध्यें आजारी होतें कीं काय, हें तें ज्या गांवीं पोहोंचेल तेथें बहुधा कोणासच ठाऊक नसतें. आणि ज्या गांवाहून तें निघालें तेथील वहींत त्याच्या नांवापुढें ‘बाहेरगांवीं’ एवढा एक शब्द पडतो. द्राक्षाच्या घडाचा माग लागतो. तो घड तोडणाऱ्या बाईच्या मुलाचा लागत नाहीं.

आजच्या धड्याचा विषय असा आहे कीं, देशोदेशींच्या मुलांच्या स्थितीची तुलना विद्वान लोक करतात ती कशी करतात, तिच्यापासून राज्यकारभारास काय शिकतां येतें, आणि खेड्यांतील उपदेशक, शाळामास्तर व आईबाप ह्यांचा तींत कोठें संबंध येतो. विषय दूरचा वाटेल. परंतु तो शेवटीं वर सांगितलेल्या कडेवरच्या मुलापाशींच येऊन थांबतो.

तुलना करावयाची तर माप एक पाहिजे, हें बाजारांत बसणाऱ्या कोणत्याहि बाईस सांगावें लागत नाहीं. मुलांच्या वाढीचें माप पुष्कळ वर्षें सदोष होतें. तें अमेरिकेंतील मुलांवरून काढलेलें होतें, व त्यांतील बरींच मुलें बाटलीच्या दुधावर वाढलेलीं होतीं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें १९९७ ते २००३ ह्या वर्षांत नवें माप काढण्याचें काम हातीं घेतलें. त्यासाठीं सहा देशांतील सहा ठिकाणें निवडलीं: ब्राझील देशांतील पेलोटास, घानांतील अक्रा, नॉर्वेंतील ऑस्लो, ओमानांतील मस्कत, अमेरिकेंतील डेव्हिस आणि आपल्या देशांतील दक्षिण दिल्ली. सुमारें साडेआठ हजार मुलें घेतलीं. अट अशी कीं, मूल अंगावर पिणारें असावें, आई तंबाखू ओढणारी नसावी, आणि घरची स्थिति अशी असावी कीं अन्न, स्वच्छ पाणी व औषधपाणी ह्यांची वाण पडूं नये.

ह्या मोजणींतून जें निघालें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. सहाहि ठिकाणचीं मुलें पहिलीं पांच वर्षें जवळजवळ सारखींच वाढलीं. दिल्लीचें मूल, ऑस्लोचें मूल व अक्र्याचें मूल ह्यांच्या उंचींत देशामुळें पडणारा फरक अगदीं थोडा. एकाच शहरांतील दोन मुलांत जो फरक आढळला तो त्याहून कितीतरी मोठा. ह्याच मोजणीवरून २००६ सालीं जें माप ठरलें तेंच आज आपल्या अंगणवाडींतील भिंतीवर व सेविकाताईंच्या मोबाइलांत आहे. म्हणजे सुरगाण्याच्या पाड्यावर ताई जेव्हां मूल तराजूंत घालतात, तेव्हां त्याची तुलना साऱ्या जगाच्या निरोगी मुलांशीं आपोआप होत असते.

येथें एक आक्षेप हटकून निघतो. ‘आमचीं मुलें जातीचींच ठेंगणीं, त्यांस परक्या देशाचें माप कशाला?’ हा आक्षेप पारावरच निघतो असें नाहीं. २०१३ च्या सुमारास मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांनींहि तो मांडला होता. आमच्या मतें तो टिकत नाहीं. हॉलंडचेंच पहा. आज तेथील पुरुष जगांत सर्वांत उंच, सरासरीनें १८२ सेंटिमीटरांच्या वर. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फौजेंत भरती होणारे तेथील तरुण सुमारें १६५ सेंटिमीटरच भरत. दक्षिण कोरियांतील स्त्रियांची उंची एका शतकांत वीस सेंटिमीटरांनीं वाढली. एवढ्या अवधींत वंश पालटत नाहीं. अन्न, पाणी, आजार आणि आईची प्रकृति हीं पालटलीं. मात्र आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूनें एवढें खरें कीं, खुज्या आईचें मूल एका पिढींत पूर्ण उंची गांठीत नाहीं. दोन-तीन पिढ्या लागतात. धीर धरावा हें ठीक, पण धीर धरणें आणि माप टाकून देणें ह्या गोष्टी निराळ्या.

आतां तें माप काय सांगतें तें पाहूं. दोन वर्षें पुरीं झालेल्या मुलग्याची मध्यम उंची सुमारें ८७ सेंटिमीटर असते. ती ८१ हूनहि कमी भरली तर तें मूल खुजें समजतात. मुलींचें माप सुमारें दीड सेंटिमीटरानें कमी धरतात. निरोगी समाजांतहि शंभरांत दोन-तीन मुलें अशीं निघतात, कारण कांहीं माणसें जन्मतःच बुटकीं असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें २००५-०६ सालीं भारतांत पांच वर्षांखालील शंभर मुलांत ४८ खुजीं होतीं. २०१५-१६ सालीं ३८. आणि २०१९-२१ सालीं ३५ ते ३६. महाराष्ट्राचे आंकडे त्याच क्रमानें ४६, ३४ आणि ३५ असे आहेत. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत आपण चांगले चाललों आणि पुढील पांच वर्षांत जागींच बसलों. उंचीच्या मानानें वजन कमी असलेलीं, म्हणजे लुकडीं, मुलें तर आपल्या राज्यांत दोन्ही पाहण्यांत शंभरांत २५ हून अधिक आढळलीं. देशाच्या सरासरीहून हें वाईट आहे, आणि आपलें राज्य धनिक म्हणवतें.

धनाचा व मुलांचा संबंध आपण समजतों तितका सरळ नाहीं, हें तुलनेशिवाय कळलें नसतें. २०२० सालीं भारतांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं २८ मुलें वर्षाच्या आंत दगावलीं. महाराष्ट्रांत १६, मध्यप्रदेशांत ४३, आणि केरळांत अवघीं ६. त्याच वर्षीं अमेरिकेंत हा आंकडा पांचाहून थोडा अधिक होता. केरळाची दरडोई मिळकत अमेरिकेच्या पासंगासहि पुरत नाहीं. तरी तेथील तान्ह्या मुलाच्या जगण्याची आशा जवळजवळ तितकीच. शिकलेल्या आया, हाकेच्या अंतरावर दवाखाना आणि दवाखाना उघडा नसला तर जाब विचारणारे लोक, ह्यांचा तो परिणाम आहे.

ह्याहून चमत्कारिक गोष्ट आफ्रिका खंडाशीं तुलना केल्यावर दिसली. नाशिककरांना आफ्रिकेचीं मुलें अगदींच परकीं नाहींत. गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं तेथील मुलें एकोणिसाव्या शतकांत आपल्या शरणपुरांत राहिलीं व शिकलीं, आणि लिव्हिंग्स्टन ह्यांचें शव आफ्रिकेंतून इंग्लंडास पोहोंचविणारा जेकब वेनराइट हा ह्याच शाळेंतला. असो. सहाराच्या दक्षिणेकडील कित्येक देश भारताहून गरीब आहेत, तेथें बालमृत्यूहि अधिक. तरी तेथील मुलें आपल्या मुलांहून उंच भरत, असें पाहण्यांतून दिसून आलें. असें कां व्हावें? ह्या प्रश्नाचीं उत्तरें शोधतां शोधतां विद्वानांच्या हातीं तीन गोष्टी लागल्या, व तिन्ही आपल्या घराच्या उंबरठ्याआंतल्या आहेत.

पहिली गोष्ट आई. २००५-०६ च्या पाहणीवरून डायॅन कॉफी ह्या विदुषीनें हिशेब काढला कीं, भारतांत गर्भ राहण्याच्या वेळीं शंभरांत ४२ स्त्रियांचें वजन कमी असे. आफ्रिकेच्या त्या भागांत १६-१७ स्त्रियांचें. घरांत सर्वांत धाकटी सून सर्वांच्या मागून जेवते, उरेल तें खाते, आणि तिलाच त्या वर्षीं गर्भ राहिलेला असतो. दुसरी गोष्ट मुलांचा क्रम. सीमा जयचंद्रन व रोहिणी पांडे ह्यांनीं २०१७ सालीं दाखविलें कीं, भारतांतील पहिला मुलगा आफ्रिकेंतील पहिल्या मुलाहून खुजा नसतो. खुजेपणा दिसूं लागतो तो पुढच्या मुलांत, आणि मुलींत विशेष. म्हणजे वंशाची सबब येथेंहि पांगळी पडते. एकाच आईबापांचीं मुलें, एकाला पुरतें व दुसऱ्याला पुरत नाहीं. तिसरी गोष्ट उघड्यावर शौचास बसणें. त्यानें मुलांच्या आंतड्यांस पुनःपुन्हां विकार होऊन खाल्लेलें अंगीं लागत नाहीं, असें डीन स्पीअर्स ह्यांनीं मांडलें. ह्या तिसऱ्या गोष्टीविषयीं मात्र एक सांगितलें पाहिजे. पुढें बांगलादेश, केनिया व झिंबाब्वे ह्या देशांत संडास व हात धुण्याच्या सोयी करून देऊन मोठाले प्रयोग केले, आणि तेवढ्यानें मुलांची उंची वाढली नाहीं. तेव्हां संडास बांधावेच, परंतु त्यांनीं आईच्या ताटाचें काम होईल असें समजूं नये.

आईच्या ताटाविषयीं आपल्या राज्यानें जें केलें आहे तें पुष्कळांस माहीत नसतें. आदिवासी भागांत २०१५ पासून डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखालीं गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत व बाळंतपणानंतर कांहीं महिने अंगणवाडींत एक वेळचें चौरस ताजें जेवण मिळतें. जेवण तेथेंच बसून खावयाचें असतें, आणि ह्यांतच त्या योजनेचें शहाणपण आहे. शिधा घरीं नेला कीं तो सर्वांच्या मुखीं लागतो व जिच्यासाठीं दिला तिच्या वांट्यास घांसभर येतो. कोणाच्या सासूबाई ‘सून जेवायला बाहेर जाते’ म्हणून नाक मुरडीत असल्या तर उपदेशकांनीं त्यांच्याशीं दोन शब्द बोलावे.

शेजाऱ्याशीं केलेली तुलना परक्याशीं केलेल्या तुलनेहून अधिक झोंबते. बांगलादेश आपल्याहून गरीब. १९९० सालीं तेथें पांच वर्षांखालील बालमृत्यु भारताहून अधिक होता. २०१९ सालीं भारतांत दर हजारीं ३४ मुलें दगावलीं आणि बांगलादेशांत ३१. मागचा गडी पुढें कसा गेला ह्याचीं कारणें अनेक आहेत. त्यांतील एक खेड्यांतील वाचकांनीं अवश्य ऐकावें असें आहे. हगवणीनें मूल मरतें तें अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. साखर व मीठ ठराविक प्रमाणांत घातलेलें पाणी पाजल्यास तें वांचतें. हा शोध डाक्का व कलकत्ता येथें झाला, व १९७१ सालीं निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं तो हजारों माणसांवर सिद्ध केला. परंतु पुडी मिळणार कोठें? तेव्हां ‘ब्रॅक’ नांवाच्या संस्थेनें १९८० ते १९९० ह्या दहा वर्षांत घरोघर बाया पाठविल्या, आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी हें मिश्रण आईकडून प्रत्यक्ष करवून घेतलें. एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत हा धडा गेला. त्यांतील युक्ति अशी होती कीं, शिकविणारीचा पगार तिनें किती घरें केलीं ह्यावर नव्हता. कांहीं दिवसांनीं तपासनीस येऊन कांहीं आयांना विचारी. त्यांना जितकें आठवे व जितकें नीट करतां येई, तितकाच शिकविणारीस पैसा. आमच्या कित्येक शिकवणुकींना हा नियम लावला तर किती पगार निघेल, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. (वाचकांनीं आज घरगुती गुळपाण्यावर विसंबूं नये, आशाताईंकडे ओआरएसची पुडी व झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्या.)

श्रीमंत देशांचेंहि एकदां पाहूं. २००७ सालीं युनिसेफ ह्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेनें २१ धनवान देशांतील मुलांची तुलना प्रसिद्ध केली. तींत पैसा, आरोग्य व शिक्षण ह्यांबरोबरच मुलांनाच विचारलेले प्रश्न होते: आईबापांबरोबर बसून जेवतां काय? सोबती प्रेमानें वागतात काय? स्वतःच्या आयुष्याविषयीं काय वाटतें? हॉलंड पहिला आला. अमेरिका शेवटून दुसरी आणि ब्रिटन सर्वांत शेवटीं. आपले सोबती प्रेमळ आहेत असें म्हणणारीं मुलें ब्रिटनांत निम्म्यांहूनहि कमी निघालीं. तेथें मोठा गवगवा झाला. कोणी म्हणालें, आंकडे जुने आहेत. तेंहि कांहीं अंशीं खरें होतें. तरी त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील सरकारनें मुलांसाठीं एक विस्तृत योजना जाहीर केली, आणि २०१३ सालच्या पुढील तुलनेंत ब्रिटन २९ देशांत सोळावा आला. येथें आमच्याकडील एक उलट उदाहरण आठवतें. २००९ च्या सुमारास हिमाचल प्रदेश व तामिळनाडु ह्यांनीं पंधरा वर्षांच्या मुलांच्या जागतिक परीक्षेंत भाग घेतला; निकालांत दोघेहि तळाशीं आले. त्यानंतरच्या परीक्षांना भारत बसलाच नाहीं. प्रश्न आपल्या मुलांच्या परिचयाचे नव्हते, असें कारण देण्यांत आलें. असेल, पण आरसा फोडल्यानें तोंड धुतलें जात नाहीं.

तुलनेंत लबाडीस व चुकीस जागा पुष्कळ आहे, हेंहि ह्याच धड्यांत सांगितलें पाहिजे. महाराष्ट्रांत कुपोषणाविरुद्ध राजमाता जिजाऊ मिशन २००५ सालीं सुरू झालें. असें मिशन काढणारें हें देशांतील पहिलें राज्य. २०१२ सालीं केलेल्या पाहणींत खुज्या मुलांचें प्रमाण शंभरांत ३९ वरून २३ वर आल्याचें दिसलें, व त्याचा डंका सर्वत्र वाजला. तें यश खरें होतें. परंतु तो आंकडा दोन वर्षांखालील मुलांचा होता. पुढें २०१५-१६ चा ३४ हा आंकडा पांच वर्षांखालील मुलांचा आला, आणि कित्येकांनीं दोहोंची तुलना करून सारें काम फुकट गेलें असा निष्कर्ष काढला. पायलीचा हिशेब शेराशीं लावला म्हणजे असें होतें. मूल जसें मोठें होतें तसा खुंटलेपणा अधिक दिसूं लागतो. म्हणून वय सारखें असल्याशिवाय उंचीची तुलना करूंच नये.

ह्याहून मोठें संकट न मोजलेल्या मुलांचें. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं ‘सर्च’ ह्या संस्थेच्या द्वारें १९८८ सालीं गांवोगांव मोजणी केली, तेव्हां दर हजार जन्मांमागें १२१ अर्भकें वर्षाच्या आंत मरत होतीं. पुढें तेरा ठिकाणच्या संस्थांनीं मिळून राज्यांत ठिकठिकाणीं अशीच मोजणी केली, आणि २००१ सालीं ‘कोवळी पानगळ’ ह्या अहवालांत दाखविलें कीं, सरकारी कागदांवर येणारे बालमृत्यु प्रत्यक्षाहून फारच थोडे असतात. जन्मून दोन दिवसांत गेलेलें मूल जन्मलेंच नाहीं असें समजून पुरून टाकतात, आणि त्याची नोंद करण्याचा कंटाळा करण्यांत कर्मचारी व आईबाप ह्यांचें एकमत असतें. शासनानें डॉ. बंग ह्यांच्याच अध्यक्षतेखालीं ह्या प्रश्नावर समिति नेमली. तिकडे गडचिरोलींत गांवच्याच बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून, बाळंतिणीच्या घरीं जाऊन बाळाचें वजन घेणें, ऊब देणें, जंतुदोष ओळखून औषध देणें हीं कामें त्यांच्याकडे दिलीं होतीं. पहिल्या महिन्यांतील मृत्यु हजारीं ६२ होते ते तीन-चार वर्षांत २६ च्या आंत आले. हा वृत्तांत १९९९ सालीं इंग्लंडांतील प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला, आणि आज देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरीं ठराविक दिवशीं जातात ती पद्धत त्यांतूनच निघाली. मोजणी नसती तर १२१ हा आंकडा कळला नसता, आणि ज्याला मरण दिसत नाहीं तो औषध कशाला शोधील?

मोजण्याचें हें काम जगांत पहिल्यानें नेटानें केलें तें सरकारी कारकुनांनीं नव्हे, खेड्यापाड्यांतील पाळकांनीं. स्वीडन देशांत १७४९ पासून प्रत्येक मंडळीच्या पाळकावर जन्म-मरणाचीं कोष्टकें भरून पाठविण्याचें काम सोंपविलें होतें. त्यावरून कळलें कीं, तेथें जन्मलेल्या पांच मुलांत एक वर्षाच्या आंत मरतें. आणखी असेंहि दिसलें कीं, उत्तरेकडील कांहीं मंडळ्यांत पांचांत एक नव्हे तर दहांत चार मरतात. कारण शोधलें तर तिकडे अंगावर पाजण्याची चालच नव्हती. गाईच्या शिंगांतून बाळास दूध पाजीत, व तें शिंग कधीं स्वच्छ होत नसे. मग डॉक्टर व सुइणी पाठवून पाजण्याचा प्रचार केला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथील मृत्यु झपाट्यानें उतरले. आज स्वीडनांत हजारांत दोन अर्भकें दगावतात. त्या पाळकांनीं औषध दिलें नाहीं. वही खरी ठेवली.

आपल्या मंडळ्यांतहि बाप्तिस्म्याची वही असते, पुरण्याची वही असते. परंतु बाप्तिस्म्याआधीं गेलेल्या तान्ह्याचें नांव पहिलींत नसतें आणि पुष्कळदां दुसरींतहि नसतें. तें लिहावें, नांव ठेवलें नसल्यास आईचें नांव, मुलगा कीं मुलगी, किती दिवसांचें, एवढें तरी लिहावें, आणि ग्रामसेवकाकडे जन्म व मरण दोन्ही नोंदवावें. जन्मतारीख तर अवश्य टिपावी. ‘पोळ्याच्या आदल्या आठवड्यांत झालें’ असें आई सांगते, व तेवढ्यावर ताईंना वय धरावें लागतें; दोन-तीन महिन्यांची चूक झाली कीं खुजें मूल बरें ठरतें किंवा बरें मूल खुजें. अंगणवाडींत वजनाच्या दिवशीं कोणी जाऊन बसण्यासहि हरकत नसावी, पण चौकशी अधिकाऱ्याच्या ऐटीनें करूं नये. आम्ही एका ठिकाणीं पाहिलें कीं, तराजू बिघडलेला होता आणि वहींत सर्व वजनें मागील महिन्याहून थोडथोडीं वाढवून लिहिलेलीं होतीं. त्या बाईंना दोष देण्याआधीं हें समजून घ्यावें कीं, कमी वजन लिहिलें तर वरून विचारणा त्यांनाच होते, व नवा तराजू मागितला तर येत नाहीं. अशा वेळीं गांवानें ताईंच्या बाजूनें उभें राहून तराजू मागावा. तराजू नसला तरी दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी असते. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला, म्हणजे लाल रंगांत आला, तर तें मूल त्याच दिवशीं दवाखान्यांत दाखवावें.

आणि आतां द्वारकेच्या चौकांतून जाणारें तें मूल. जें कुटुंब मजुरीस निघतें त्याच्याबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड गेलेंच पाहिजे. तें पत्र्याच्या पेटींत तळाशीं न ठेवतां आईच्या पिशवींत असावें. कार्ड हरवलें असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशीं उपदेशकांनीं एका साध्या कागदावर मुलाचें नांव, जन्मतारीख, शेवटचें वजन व त्याची तारीख, झालेल्या लसी, आणि गांवच्या अंगणवाडी-सेविकेचा फोन क्रमांक लिहून द्यावा. ज्या गांवीं कुटुंब उतरेल तेथील अंगणवाडींत त्या मुलाचें नांव घालून घेण्यास कोणतीहि आडकाठी नाहीं. रेशनकार्ड दुसऱ्या गांवचें आहे ही सबब चालत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २००६ मध्यें असेंहि ठरविलें आहे कीं, ज्या वस्तींत सहा वर्षांखालील चाळीस मुलें आहेत पण अंगणवाडी नाहीं, त्या वस्तीनें मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. द्राक्षमळ्यांच्या कडेच्या झोंपड्यांत एवढीं मुलें पुष्कळ ठिकाणीं निघतील, मोजलीं पाहिजेत. निफाड-दिंडोरीकडील मंडळ्यांनीं हंगामांत एकदां त्या झोंपड्यांवरून फिरून यावें.

सभेंत विचारावयाचे प्रश्न. दिल्ली व ऑस्लो येथील मुलें सारखीं वाढलीं ह्यावरून आपल्या पाड्यावरील मुलाविषयीं काय अनुमान निघतें? एकाच घरांतील पहिला मुलगा व तिसरी मुलगी ह्यांच्या उंचींत फरक दिसतो काय, व तो कशामुळें? आपल्या घरीं सर्वांत शेवटीं कोण जेवतें? गेल्या वर्षांत आपल्या गांवीं किती मुलें जन्मलीं, किती गेलीं, आणि ग्रामपंचायतीच्या वहींत किती आहेत? ह्या हंगामांत गांवाबाहेर गेलेलीं पांच वर्षांखालील मुलें कोणतीं, आणि तीं आज कोणत्या गांवीं आहेत?